समुद्रातील जिवाणू, धरणातील मासे

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके सह्याद्रीच्या पूर्वेस, समुद्रापासून दूर आहेत. तरीही समुद्री जिवाणूंपासून नैसर्गिक प्रतिजैविके मिळविण्याच्या संशोधनाशी येथील मत्स्यव्यवसायाचा संबंध येतो. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पातील जलाशयांमुळे या भागात गोड्या पाण्यातील मासेमारीला वाव मिळाला. घोड नदीवरील डिंभे धरणात जमिनी गेलेल्या आदिवासींनी सहकारी संस्था स्थापन करून मासेमारी सुरू केली. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेच्या मार्गदर्शनाखाली तेथे पिंजऱ्यांत मत्स्यबीज वाढविण्याचे प्रयोगही झाले.

रोग आणि औषध

पिंजऱ्यात मासे दाटीने वाढतात, त्यामुळे रोगाचा फैलाव वेगाने होतो. रोहू, कटला, मृगळ या माशांना एरोमोनास हायड्रोफिला या जिवाणूचा उपद्रव होतो. अंगावर व्रण पडणे, पर व शेपटी कुजणे, पोट फुगणे ही त्याची लक्षणे होत. अशा वेळी ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे प्रतिजैविक खाद्यातून दिले जाते. मात्र आजारी मासा खाणे सोडतो आणि खाल्लेल्या औषधाचाही मोठा भाग शरीरात न शोषला जाता पाण्यात जातो. पिंजरा जाळीचा असल्याने हे औषध जलाशयात पसरते. तळाच्या गाळातील जिवाणू त्याला सरावतात आणि कालांतराने तेच औषध निष्प्रभ ठरते. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या औषधांच्या मत्स्यशेतीतील वापरास भारतात बंदी आहे.

समुद्रातील शोध

मातीतील सूक्ष्मजीवांपासून औषध मिळविण्याची परंपरा पुणे जिल्ह्याला परिचित आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तेथीलच मातीतील स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या सूक्ष्मजीवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधण्यात आले. समुद्रातील सूक्ष्मजीवही प्रतिजैविके बनवितात, असा अहवाल रोझेनफेल्ड व झोबेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1947 मध्ये प्रसिद्ध केला. 1966 मध्ये एका समुद्री जिवाणूपासून ब्रोमिनयुक्त प्रतिजैविक वेगळे करण्यात आले. समुद्रात अन्न आणि जागा यांसाठी जिवाणूंची सतत चढाओढ चालते. शेजाऱ्याची वाढ रोखणारे पदार्थ हे त्या चढाओढीतील शस्त्र होय.

मत्स्यशेतीच्या दृष्टीने फिओबॅक्टर या जिवाणूचा विशेष अभ्यास झाला आहे. तो ट्रोपोडायथायेटिक आम्ल तयार करतो. हे आम्ल शत्रू जिवाणूच्या पेशीतील ऊर्जानिर्मितीची घडी विस्कटते. टर्बोट आणि कॉड या माशांच्या पिलांवरील युरोपातील प्रयोगांत फिओबॅक्टरमुळे व्हिब्रिओ जिवाणूने होणारी मरतूक कमी झाली. या आम्लाला दाद न देणारे जिवाणू प्रयोगशाळेत सहजासहजी निर्माण होत नाहीत, असेही आढळले.

गोड्या पाण्याची अडचण

हे यश डिंभे किंवा माणिकडोहच्या पाण्यात जसेच्या तसे उतरणार नाही. फिओबॅक्टरला वाढीसाठी क्षार लागतात. गोड्या पाण्यात तो टिकून राहणे आणि पुरेसे आम्ल तयार करणे कठीण आहे. शिवाय टर्बोट व कॉडची पिले हौदांत वाढविली जातात. जलाशयात पाणी खेळते असते. त्यामुळे दोन मार्ग उरतात. जिवाणू कारखान्यात वाढवून त्याने तयार केलेला पदार्थ तेवढा खाद्यातून देणे, हा पहिला. त्यासाठी तो मासा, माणूस आणि पाण्यातील इतर जीव यांना निर्धोक असल्याची खात्री आणि परवडणारा खर्च, या दोन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतील. गोड्या पाण्यातच वाढणाऱ्या उपयुक्त जिवाणूंचा शोध घेणे, हा दुसरा मार्ग. बॅसिलस गटातील जिवाणूंचा मत्स्यखाद्यात आणि तळ्यांत उपयोग यापूर्वीच सुरू झाला आहे.

नैसर्गिक पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ, असे समीकरण मांडता येत नाही. पेनिसिलिनही नैसर्गिकच होते आणि त्यालाही जिवाणू सरावले. म्हणून नवे औषध हाती आले तरी पिंजऱ्यातील बोटुकलीची संख्या मर्यादित ठेवणे, जाळी वेळोवेळी साफ करणे, मेलेले मासे तातडीने काढणे आणि निरोगी बीज वापरणे यांना पर्याय नाही. धरणाचे पाणी केवळ माशांचे नाही. कालव्यांतून ते शेतीला जाते आणि गावांची तहानही भागवते. त्यात मिसळणाऱ्या प्रत्येक औषधाचा हिशेब त्यामुळे मच्छीमारांपुरता मर्यादित राहत नाही.