फौजी घड्याळ : जुनं आणि नव्यानं काढलेलं

17 सप्टेंबर जवळ आला की आपल्या जिल्ह्यात पोलीस अ‍ॅक्शनच्या आठवणी निघतात. आम्ही त्या ऐकत आलो आहोत, आणि त्यात एक गंमत दिसते. जुनी माणसं वेळ कशी सांगतात? 'कोंबडं आरवायच्या आधी', 'दिवस कासराभर वर आल्यावर', 'गुरं सुटायच्या वक्ताला'. घड्याळातली वेळ सहसा कुणी सांगत नाही. कचेरीत तर सालसुद्धा वेगळं, निजामाच्या कागदात ते 1357 फसली होतं.

आता त्याच दिवसाचा लष्करी वृत्तांत काढा. 13 सप्टेंबर 1948, पहाटे चारला हालचाल सुरू. बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल शाबूत ताब्यात. त्याच पहाटे नळदुर्गजवळ दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग धारातीर्थी पडले. पुढे त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. सकाळी नऊला रणगाडे जळकोटात. दुपारी सव्वातीनला उमरग्यात. तिकडे तुळजापूरला उजाडता उजाडता दुसरी तुकडी पोचली, आणि तिथली चकमक दोन तास चालली.

नऊ, सव्वातीन, दोन तास. हे आकडे कुठून आले? कुणाच्या तरी मनगटावरून. म्हणून आज घड्याळाबद्दल बोलायचं.

स्वातंत्र्याला तेव्हा जेमतेम तेरा महिने झाले होते. फौजेचे रणगाडेसुद्धा महायुद्धातलेच, शर्मन आणि स्टुअर्ट. तेव्हा त्या पिढीचं फौजी घड्याळ कसं असायचं हे समजायला महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिश सरकारनं करवून घेतलेलं घड्याळ बघावं. त्याच्या पाठीवर तीन अक्षरं कोरलेली असतात: डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू. इंटरनेटशी संबंध नाही बरं का! 'वॉच, रिस्ट, वॉटरप्रूफ', म्हणजे घड्याळ, मनगटी, जलरोधक. सरकारी भांडाराची भाषा, नाम आधी आणि विशेषणं मागून.

सरकारनं नमुना ठरवून दिला आणि बारा कंपन्यांनी घड्याळं पुरवली. ओमेगा, लाँजिन्स, सायमा, व्हर्टेक्स, टिमोर, ग्राना वगैरे. काळी तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा, चावीचं पंधरा ज्वेलचं मशीन, सहज न फुटणारी काच. पट्ट्याची दांडी पक्की बसवलेली, म्हणजे झटापटीत निसटायला नको. व्यास 35 ते 38 मिलिमीटर, आजच्या मानानं लहानच. तबकडीवर आणि पाठीवर सरकारी मालकीचा बाण, आणि पाठीवर फौजी नंबर. अंदाजे दीड लाख घड्याळं झाली असं मानतात. बहुतेक 1945 मध्ये, युरोपातली लढाई संपल्यावर हाती आली.

यातल्या व्हर्टेक्स कंपनीचं घड्याळ संस्थापकाच्या पणतूनं 2015 नंतर पुन्हा काढलं. टिमोरचंही अलीकडे पुन्हा निघालं. दोन्ही पाहिलीत तर चेहरा ओळखीचा वाटतो. काळी तबकडी आहे, सेकंदाचा छोटा काटा आहे, बाणही आहे. टिमोरनं आकार जुनाच ठेवला, साडेछत्तीस मिलिमीटर. व्हर्टेक्स मात्र 40 मिलिमीटरचं झालं. काच नीलमणीची, सहसा ओरखडा न उठणारी, आणि पाणी अडवण्याची ताकद जुन्याहून कितीतरी जास्त. वस्तू म्हणून नवं घड्याळ सरस आहे, हे कबूल करायला काय हरकत?

एका बाबतीत मात्र जुनं पुढे होतं. अंधारात. आपल्याकडे गाडीच्या नंबरप्लेटवर चकाकती पट्टी चिकटवतात, तिला आपण रेडियम म्हणतो. ते रेडियम नव्हे. जुन्या घड्याळाच्या आकड्यांत खरं रेडियम होतं, जस्ताच्या गंधकयुक्त क्षारात मिसळलेलं. त्याला उजेड दाखवावा लागत नसे, ते आपलं आपण रात्रभर चमके. नव्या घड्याळातला लेप किरणोत्सर्गी नाही, पण तो आधी उजेड पितो आणि मग प्रकाशतो. पहाटे चारपर्यंत त्याची चमक बरीच ओसरलेली असते. जुन्याची किंमत कारखान्यातल्या बायकांनी मोजली. अमेरिकेत ब्रशाला ओठानं टोक काढत रेडियम रंगवणाऱ्या मुली जबड्याच्या हाडांच्या रोगानं गेल्या. रेडियमचं अर्धआयुष्य सुमारे 1600 वर्षं. क्षार थकला म्हणून चमक गेली, तरी किरण चालूच आहेत. घरात असं घड्याळ असेल तर पाठ उघडून तबकडी खरवडू नका, एवढं ऐका.

आता आमचा मुद्दा. नव्या घड्याळात जे येत नाही ते पाठीवरचं. जुनं घड्याळ सैनिकाचं नव्हतं, सरकारचं होतं. नंबरावर मिळायचं, नंबरावर परत जायचं. त्यामुळे त्याची पाठ म्हणजे कागद आहे, दप्तरातल्या कागदासारखाच वाचायचा. नव्यावरचा बाण शोभेचा. पण नवं घड्याळ खोटं बोलत नाही. ते मी आजचं आहे असंच सांगतं, दुकानाची पावती देतं. खोटं बोलतं ते 'नवं करून' आणलेलं जुनं.

इथे कुणी म्हणेल, खुद्द फौजेनंही तबकड्या बदलल्याच की! बदलल्या. रेडियम काढून ट्रिटियमच्या बसवल्या, पण तबकडीवर वर्तुळात 'टी' हे अक्षर छापलं. बदल केला आणि बदलाची नोंद ठेवली. आमची तक्रार बदलाबद्दल नाहीच, पुसण्याबद्दल आहे.

आपल्याच जिल्ह्यातल्या एका घरी आम्हाला असं घड्याळ दाखवलं. घरातले सगळे सांगत होते, आजोबांचं, अ‍ॅक्शनच्या वेळचं. नातवानं प्रेमापोटी ते दुरुस्तीला दिलं आणि 'नव्यासारखं करा' म्हणाला. कारागिरानं शब्द पाळला. तबकडी पुन्हा काळी रंगवली, आकडे छापले, आणि पाठ घासून आरशासारखी केली. तोंड दिसत होतं तिच्यात. बाण असेल तर गेला, नंबर असेल तर गेला. 'सर, हे खरं का?' असं त्यानं विचारलं, तेव्हा आम्ही गप्प बसलो. पाठीवर नंबर असता तर निदान ते फौजेचं होतं का, एवढं तरी सांगता आलं असतं. आता ते घड्याळ आणि आजोबांची गोष्ट एकमेकांना आधार देऊ शकत नाहीत. गोष्ट खरी असूनही.

मग आम्हीच म्हटलं, मागचं झाकण काढून आतून बघू. जाणत्या हातानं ते उघडून घेतलं. आत पॉलिश पोचलं नव्हतं. 'सायमा' हे नाव स्वच्छ होतं, आणि त्याच्या कडेला सुईनं ओढलेल्या बारीक खुणा. जुने कारागीर घड्याळ साफ केलं की झाकणाच्या आत आपली खूण आणि कधी कधी साल कोरत. तिथे अशा तीन खुणा होत्या. दोन वाचता आल्या नाहीत. तिसरीत 61 हा आकडा होता, मराठी आकड्यांत.