ही जमीन रिकामी कुणी केली? नामिबियातल्या तंबू-सफारीमागचा इतिहास

(ऑडिओ भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' जमेल तितके काढले आहेत, सगळे निघाले नाहीत.)

आजचा विषय आहे सफारी, आणि हा शब्द आपल्याला परका नाहीच. अरबीत 'सफर' म्हणजे प्रवास. तो शब्द पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर स्वाहिलीत शिरला आणि 'सफारी' झाला. तोच फारसीच्या वाटेनं मराठीत आला आणि 'सफर' राहिला. मुसाफिर पण त्याच घरातला. स्वाहिलीत आजही आजोळी जाणं ही सफारीच असते. बंदूक, खाकी टोपी आणि सिंह हे सगळं त्या शब्दाला युरोपीय शिकाऱ्यांनी नंतर चिकटवलं.

गेल्या वर्षी मी नामिबियात बारा दिवसांची ग्रुप कॅम्पिंग सफारी केली. ट्रकच्या चॅसीवर बसची बॉडी, आत आम्ही चौदा जण, एक गाइड, एक ड्रायव्हर. रोज संध्याकाळी आपला तंबू आपण उभारायचा, भांडी घासायच्या पाळ्या ठरलेल्या. विंडहुक या राजधानीतून निघालो, सेसरीमची वाळू, किनाऱ्यावरचं स्वाकोपमुंड, डमारालँडचे डोंगर, मग इटोशा, आणि परत येताना वॉटरबर्ग. बहुतेक सगळ्या कंपन्या थोड्याफार फरकानं हाच रूट करतात.

ब्रोशरमध्ये एक शब्द सतत येतो: 'अस्पर्श'. आणि तिथे गेल्यावर तो पटतोही. देश महाराष्ट्राच्या अडीच पटीहून मोठा, लोकसंख्या साधारण ३० लाख, म्हणजे जेमतेम एका पुण्याएवढी. दोन-दोन तास माणूस दिसत नाही. आपल्याला वाटतं, वाळवंटच आहे, इथे कोण राहणार? पण मी परत येऊन वाचायला लागलो आणि लक्षात आलं की या रूटवरची बरीचशी जमीन रिकामी *असलेली* नाही, रिकामी *केलेली* आहे. कधी, कुणी आणि कोणत्या कागदानं, हे तारखांसकट सांगता येतं. आजचा भाग त्यावर आहे.

सहा वाद्या

सुरुवात सेसरीमपासून. हे नाव आफ्रिकान्स भाषेतलं. 'सेस' म्हणजे सहा, 'रीम' म्हणजे चामड्याची वादी. इथे एक अरुंद घळ आहे आणि तिच्या तळाशी पाणी साठतं. बैलगाड्या घेऊन येणारे लोक सहा वाद्या एकमेकींना बांधून बादली खाली सोडायचे, तेव्हा कुठे ती पाण्याला टेकायची. म्हणजे गावाचं नाव हेच विहिरीच्या दोराचं माप आहे.

तिथून पुढे सोसुसव्लेई आणि डेडव्लेई. तांबड्या टेकड्यांच्या मधोमध पांढरी कोरडी जमीन आणि तिच्यावर काळी पडलेली बाभळीच्या जातीची झाडं. ती मरून सहाशेच्या वर वर्षं झाली आहेत. हवा इतकी कोरडी की ती कुजतसुद्धा नाहीत. फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

हे सगळं नामिब-नौक्लुफ्ट राष्ट्रीय उद्यानात येतं. त्याच उद्यानाच्या उत्तर भागात, कुईसेब नदीच्या कोरड्या पात्राकाठी, टोपनार लोक आजही राहतात. नारा नावाच्या काटेरी झुडपाची फळं गोळा करतात, शेळ्या पाळतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये कुईसेब होती ती फक्त फोटो-स्टॉप म्हणून, दहा मिनिटं.

१९०७: एकाच सरकारचे दोन कागद

आता मुख्य गोष्ट. त्या काळी हा देश जर्मनीची वसाहत होता, नाव जर्मन दक्षिण-पश्चिम आफ्रिका. २२ मार्च १९०७ रोजी गव्हर्नर फ्रिडरिख फॉन लिंडेक्विस्ट यानं तीन राखीव शिकारक्षेत्रं जाहीर केली. दुसऱ्या क्रमांकाचं क्षेत्र म्हणजे आजच्या इटोशाचं मूळ, तिसऱ्या क्रमांकाचं म्हणजे नामिब उद्यानाचं. आमच्या बारा दिवसांतले सगळ्यात भारी मुक्काम या एका हुकुमातून आलेत. शिकार बेसुमार झाली होती, प्राणी संपत चालले होते, म्हणून संरक्षण. चांगलंच काम वाटतं ना?

पण त्याच दिवशी त्याच वसाहतीत दुसरं काय चालू होतं ते बघा.

तीन वर्षं मागे जाऊ. जानेवारी १९०४ मध्ये हेरेरो लोकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. हेरेरो म्हणजे गुरं पाळणारा समाज, गुरं हीच त्यांची इस्टेट. १८९७ मध्ये आलेल्या बुळकांड्या रोगानं त्यांची बहुतेक गुरं मेली होती. बुळकांड्या म्हणजे तोच, ज्याला इंग्रजीत रिंडरपेस्ट म्हणतात. १८८० च्या दशकाच्या शेवटी तो आफ्रिकेच्या ईशान्य टोकाला उतरला, आणि तिथे इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आला असं मानलं जातं. दहाएक वर्षांत तो खंडाच्या दुसऱ्या टोकाला पोचला. गुरं गेली, कर्ज झालं, कर्जापायी जमिनी जर्मन वसाहतवाल्यांकडे जायला लागल्या.

११ ऑगस्ट १९०४ ला वॉटरबर्गच्या पायथ्याशी लढाई झाली. जर्मन सेनापती लोथार फॉन ट्रोथा. हेरेरो बायकापोरांसकट पूर्वेला ओमाहेकेच्या वाळवंटात पळाले. पाणवठ्यांवर सैनिक बसवले गेले. २ ऑक्टोबरला ट्रोथानं लेखी हुकूम काढला: जर्मन हद्दीत दिसणारा प्रत्येक हेरेरो, हत्यार असो वा नसो, गोळी घालून मारला जाईल. म्हणजे त्या वाळवंटाचाच शस्त्र म्हणून वापर झाला. डिसेंबरात बर्लिननं तो हुकूम मागे घेतला आणि मग छावण्या सुरू झाल्या. त्यांचं नावच 'कॉन्सन्ट्रेशन कॅम्प' होतं. दक्षिणेतले नामा लोकही उठले होते, तेही तिथेच गेले. सगळ्यात भयंकर छावणी लुडेरिट्झच्या शार्क आयलंडवर होती. अटलांटिकचा गार वारा, अंगावर चिंध्या, अन्न जवळजवळ नाही, आणि बंदराच्या कामावर वेठबिगारी.

इतिहासकारांच्या आकड्यांत फरक आहेत, पण साधारण अंदाज असा की ८० हजारांतले सुमारे ६५ हजार हेरेरो आणि २० हजारांतले सुमारे १० हजार नामा मेले.

आणि २२ मार्च १९०७ ला, जेव्हा इटोशातल्या हरणांसाठी कागद निघाला, तेव्हा शार्क आयलंडची छावणी अजून चालू होती. ती एप्रिलमध्ये बंद झाली. ऑगस्टमध्ये त्याच सरकारनं आणखी नियम काढले: आफ्रिकन माणसाला परवानगीशिवाय जमीन आणि गुरं बाळगता येणार नाहीत, आणि लहान मुलं सोडून प्रत्येकानं नंबरचा धातूचा बिल्ला जवळ ठेवायचा.

हे मी 'बघा, किती दुटप्पी' म्हणायला सांगत नाहीये. माझ्या मते हे दोन्ही कागद एकाच विचारातून आलेत: ही जमीन आमची, तिच्यावर कुणी राहायचं आणि कुणी नाही हे आम्ही ठरवणार. कुठे प्राणी, कुठे गोऱ्यांची कुरणं, कुठे मजूर. अख्ख्या देशाचा डेटाबेसच नव्यानं लिहिला गेला आणि आज आपण त्याचंच आऊटपुट बघतोय.

स्वाकोपमुंडमध्ये हे डोळ्यांना दिसतं. गाव छान आहे. जर्मन बेकऱ्या, लाकडी नक्षीची घरं, टेकड्यांवर चालवायला भाड्याच्या क्वाड बाईक. इथेही छावणी होती. दफनभूमीच्या वाळवंटाकडच्या बाजूला मातीचे छोटे छोटे उंचवटे आहेत, ओळीच्या ओळी, नावं नाहीत. बाजूलाच जर्मनांच्या नीट कोरलेल्या कबरी. आणि लुडेरिट्झ आमच्या रूटवर नव्हतं, पण हे ऐकून ठेवा: शार्क आयलंडवर आज कॅम्पसाइट आहे. लोक तिथे तंबू लावतात, समुद्राचा व्ह्यू म्हणून.

इटोशा आणि एक चटक आवाज

इटोशा म्हणजे साधारण 'मोठी पांढरी जागा'. मधलं खारवट मैदानच सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा मोठं. ओकाउकुएयो कॅम्पच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. दगडी भिंतीमागच्या बाकावर गप्प बसायचं, आणि काळे गेंडे पाण्यावर येतात. रात्री दीडला तीन गेंडे पाहिले, अंगावर काटा आला. ते खोटं नाहीये, आणि या भागानं ते खोटं ठरत नाही.

हा कॅम्प मुळात १८९७ ची बुळकांड्याची चौकी, गुरं अडवायला. पूर्वेकडचा नामुतोनी म्हणजे पांढरा किल्ला. २८ जानेवारी १९०४ ला ओंडोंगाच्या राजा नेहालेच्या सुमारे ५०० माणसांनी तिथल्या सात जर्मनांवर हल्ला केला, जर्मन रात्रीतून पळाले, किल्ला पाडला गेला. नंतर जर्मनांनी तो पुन्हा बांधला. आमचा गाइड त्याच भागातला. तो म्हणाला, "शाळेत आजीच्या तोंडची गोष्ट एक होती आणि पुस्तकातली दुसरी." आता उद्यानाच्या उत्तरेकडच्या प्रवेशद्वाराला राजा नेहालेचं नाव आहे.

पण इटोशाचे खरे जुने रहिवासी म्हणजे हाइओम. या नावाच्या मधोमध एक चटक आवाज आहे, टांगेवाला घोडा हाकताना गालात जीभ लावून काढतो तसा. देवनागरीत तो लिहिता येत नाही, म्हणून मी सरळ हाइओम म्हणतोय. हे सान लोक, शिकार आणि कंदमुळांवर जगणारे. पाणवठ्या-पाणवठ्याला त्यांची वस्ती आणि नाव होतं. राखीव क्षेत्र झाल्यावरही ते आतच राहत होते, धनुष्यबाणानं शिकार करत होते. पर्यटक त्यांचे फोटोसुद्धा काढायचे.

१९५४ मध्ये त्यांना बाहेर काढलं. तेव्हा सत्ता दक्षिण आफ्रिकेची होती. उद्यानात नोकरीला ठेवलेले थोडे सोडून बाकीच्यांची रवानगी आजूबाजूच्या गोऱ्यांच्या फार्मवर मजूर म्हणून. इतर समाजांना निदान नकाशावर 'होमलँड' म्हणून तुकडे मिळाले, हाइओमना तोही मिळाला नाही. २०१५ मध्ये त्यांनी इटोशावरच्या हक्कासाठी कोर्टात दाद मागितली. २०१९ मध्ये हायकोर्टानं आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. मुख्य मुद्दा काय, तर अर्जदारांना सगळ्या समाजाच्या वतीनं दावा करायचा अधिकार आहे का. जमीन मुळात कुणाची, या प्रश्नापर्यंत खटला पोचलाच नाही.

दुसरा मार्ग

इथेच थांबलो तर गोष्ट अर्धी राहील. डमारालँडमध्ये आम्ही जिथे तंबू लावले ती जमीन गावकऱ्यांच्या कॉन्झर्व्हन्सीची होती.

१९८० च्या दशकात वायव्य भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार, हत्ती-गेंडे संपायला आले होते. गार्थ ओवेन-स्मिथ या वनसंरक्षकानं स्थानिक मुखियांशी बोलून गावातलेच राखणदार नेमले. कल्पना साधी: ज्याच्या गोठ्यात सिंह शिरतो, राखणही त्याच्याच हातात द्या. देश २१ मार्च १९९० ला स्वतंत्र झाला, १९९६ मध्ये कायदा बदलला, आणि १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी नोंदल्या गेल्या. त्यातल्या टोरामध्ये दक्षिण आफ्रिकेतून १९७० च्या दशकात उठवून आणलेली कुटुंबंही आहेत, हे विशेष. आज अशा ८० हून अधिक कॉन्झर्व्हन्सी आहेत, देशाच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर. पर्यटनाचा पैसा, नोकऱ्या आणि मांस गावात राहतं.

सगळं गोड आहे असं नाही. उत्पन्नाचा एक भाग परदेशी शिकाऱ्यांच्या ट्रॉफी हंटिंगमधून येतो, त्यावर जोरदार वाद आहेत. हत्ती पाण्याच्या टाक्या फोडतात, तेव्हा नुकसान गावाचंच होतं. पण माणसं आणि गेंडे एकाच नकाशावर राहू शकतात, एवढं इथे दिसतं.

मग आपलं काय?

१७ सप्टेंबर २०२२ ला नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. आपण सगळ्यांनी ते लाइव्ह पाहिलं. कुनोतून, गीरचे सिंह येणार म्हणून, २४ गावं आधीच हलवली होती. बहुतेक लोक सहरिया आदिवासी. सिंह आलेच नाहीत, मग त्या मोकळ्या जागेत चित्ते आले. एका रिकाम्या केलेल्या जमिनीच्या देशातून दुसऱ्या रिकाम्या केलेल्या जमिनीत.

२०२१ मध्ये जर्मनीनं नामिबियातला नरसंहार मान्य केला आणि ३० वर्षांत १.१ अब्ज युरो द्यायची तयारी दाखवली. हेरेरो आणि नामांच्या अनेक नेत्यांचं म्हणणं, बोलणी आमच्याशी थेट झालीच नाहीत. वाद चालू आहे.

मला खूप जण विचारतात, मग जावं का नाही? जा. नक्की जा. पैसे असतील तर एक-दोन मुक्काम कॉन्झर्व्हन्सीत होतील असा प्रोग्रॅम निवडा, आणि स्वाकोपमुंडला क्वाड बाईकच्या आधी अर्धा तास त्या दफनभूमीत जाऊन या. आणि एक प्रश्न सोबत ठेवा, जो आपल्या ताडोबात, मेळघाटातही चालतो: गाइडला वाघ कुठे दिसला हे तर विचाराच, पण या पाणवठ्याला आधी काय म्हणायचे, आणि म्हणणारे आता कुठे राहतात, हेही विचारा.

तुमच्याकडे अशा एखाद्या हललेल्या गावाची गोष्ट असेल, घरातली, आजोबांच्या तोंडची, तर मला लिहून पाठवा. त्यावर एक वेगळा भाग करू. भेटू पुढच्या वेळी, काळजी घ्या.