बूस्टची दोरी कुणाच्या हाती?

टर्बोला आपणहून थांबणं ठाऊक नाही. इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बाइन फिरवतो, त्याच दांड्यावरचा कंप्रेसर इंजिनात दाबाने जास्त हवा कोंबतो (हा दाब म्हणजेच बूस्ट), हवेच्या जोडीला जास्त इंधन जळतं, धूर वाढतो आणि टर्बाइन आणखी जोरात फिरतं. याला वेळीच आवर घातला नाही तर आधी नॉकिंग, म्हणजे इंधनाचा अवेळी भडका, आणि मग पिस्टनची वाट. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोच्या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढचं बरंचसं डोकं खर्च झालं ते मात्र आवर कुणी आणि कसा घालायचा, यावर.

पहिली गरज विमानाची. उंचीवर हवा विरळ होते आणि इंजिनाचा दम जातो. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, सुमारे १४,००० फुटांवर नेलं. समुद्रसपाटीच्या हवेत ३५० अश्वशक्ती देणारं ते इंजिन वर २३० वर आलं होतं, टर्बो लावल्यावर ३५६ झालं. पण वर हवा पुरवणारा टर्बो जमिनीजवळ तेवढ्याच जोरात फिरला तर इंजिन फोडेल. म्हणून टर्बाइनच्या आधी एक झडप आली. ती उघडली की धूर टर्बाइनला वळसा घालून बाहेर पडतो. हेच वेस्टगेट.

ही झडप सुरुवातीला वैमानिकाच्या हातात होती. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ बाँबफेकी विमानात चार इंजिनांचे चार दांडे असत आणि झडपा तेलाच्या दाबावर हलत. वरच्या गोठवणाऱ्या थंडीत तेल घट्ट व्हायचं आणि नियंत्रण आळसावायचं. शत्रूची विमानं समोर असताना वैमानिकाने एकेका इंजिनाचा दाब जुळवत बसायचं! युद्ध चालू असतानाच हनीवेलची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. शून्य ते दहा आकड्यांची एकच खुंटी, उड्डाणाला आठवर ठेवायची आणि चारही इंजिनं बरोबर चालायची. बूस्ट कंट्रोलर म्हणून आज जे विकलं जातं त्याचा पूर्वज मला तरी इथेच दिसतो.

मोटारींनी मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. १९६२ मध्ये जनरल मोटर्सने दोन टर्बो गाड्या आणल्या. शेव्हरोलेच्या कॉर्व्हेअर स्पायडरला वेस्टगेटच नव्हतं. इनटेक आणि सायलेन्सरच्या अडथळ्यानेच बूस्ट मर्यादेत राहायचा. ओल्ड्समोबिल जेटफायरला वेस्टगेट होतं, पण कॉम्प्रेशन १०.२५ ला १ इतकं चढं, त्यामुळे नॉकिंग टाळायला पाणी-मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारावं लागे. टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. मालक टाकी भरायला विसरत आणि गाडी ओढत नाही म्हणून कुरकुरत. पुष्कळ जेटफायरांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला.

शर्यतीत दोरी पुन्हा माणसाच्या हातात गेली. १९७० च्या दशकातल्या पोर्शे ९१७ च्या कॅन-ॲम गाड्यांमध्ये चालकासमोर बूस्टची खुंटी होती. फॉर्म्युला वनमध्ये तर १९८६ च्या पात्रता फेऱ्यांसाठी काही संघ वेस्टगेट सरळ बंद करून टाकत. इंजिन चार फेऱ्या टिकलं तरी काम भागायचं. अखेर नियम करणाऱ्यांनीच ठरलेल्या दाबावर उघडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह लावला: १९८७ ला ४ बार, १९८८ ला २.५, आणि १९८९ ते २०१३ टर्बोच बाद.

रोजच्या गाडीसाठी खरी वाट काढली ती स्वीडनच्या साबने. १९७८ च्या ९९ टर्बोमध्ये त्यांनी लहान टर्बो आणि वेस्टगेट जोडून कमी आरपीएमला ओढ मिळवली. मग पेर गिलब्रांड यांच्या एपीसी यंत्रणेने इंजिनाला कान दिले. ब्लॉकवरचा सेन्सर नॉकिंग ऐकायचा आणि एक सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बूस्ट उतरवायचा. टाकीत हलकं पेट्रोल भरलं तरी इंजिन आपलं आपण सांभाळून घ्यायचं. वेस्टगेटच्या साध्या स्प्रिंगला फक्त दाब कळतो. आत काय जळतंय हे तिला कळायचं काही कारण नाही.

जुन्या टर्बो गाडीचा बूस्ट वाढवायचा तर आजही सगळा खेळ वेस्टगेट हलवणाऱ्या डबीला, म्हणजे ॲक्च्युएटरला, फसवण्याचा. त्या डबीत एक पडदा आणि एक स्प्रिंग. कंप्रेसरकडून आलेल्या नळीतला दाब पडद्याला ढकलतो, सळई सरकते, झडप उघडते. ब्लीड व्हॉल्व्ह त्या नळीतली थोडी हवा बाहेर सोडतो, म्हणून डबीला दाब कमी वाटतो. स्वस्त आहे, पण थोडा दाब पोचतच राहतो, झडप लवकर किलकिली होते आणि बूस्ट रेंगाळत चढतो. बॉल-स्प्रिंगचा कंट्रोलर ठरलेल्या दाबापर्यंत नळी बंदच ठेवतो, म्हणून बूस्ट झटकन येतो. साध्या ॲक्च्युएटरच्या जुन्या गाडीला मी तोच लावीन. सोलेनॉइड सेकंदाला कितीतरी वेळा उघडझाप करतो. वेगवेगळ्या आरपीएमला वेगळा बूस्ट हवा असेल तर त्याला पर्याय नाही. एक गोष्ट मात्र विक्रेते क्वचितच सांगतात: ॲक्च्युएटरच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट यातला कुठलाच कंट्रोलर देऊ शकत नाही. तेव्हा आधी स्प्रिंग निवडायची. आणि नळी निसटली तर झडप उघडतच नाही, हे ध्यानात ठेवून क्लिपा घट्ट आवळायच्या.

नव्या गाडीत हे सगळं ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे असतं. तिथे मध्येच बाहेरचा कंट्रोलर बसवला तर ठरल्यापेक्षा जास्त दाब दिसताच ईसीयू गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, म्हणजे तिची ताकद कापतो. व्हीजीटी टर्बोत तर बहुधा वेस्टगेटही नसतं. टर्बाइनभोवतीची पातीच कोन बदलून धुराचा जोर कमी-जास्त करतात. पुण्याजवळच्या रांजणगावात बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट आपल्याकडे दोन्ही रूपांत चाललं, साध्या टर्बोचं ७५ अश्वशक्तीचं आणि व्हीजीटीचं ९० चं. या दुसऱ्या जातीच्या टर्बोत काजळी धरून पाती अडकली की गाडी ओढेनाशी होते, आणि मग कंट्रोलर नव्हे, टर्बो खोलून साफ करणारा मेकॅनिक शोधावा लागतो.