सुरतेचा पूज्य वड

इ. स. १६२३ च्या फेब्रुवारीत पिएत्रो देल्ला वाल्ले हा रोमचा प्रवासी सुरत बंदरी उतरला. इराणात निवर्तलेली पत्नी मानी हिचा देह शवपेटीत घालून तो स्वदेशी नेत होता. १६२६ साली रोममध्ये तिचे दफन झाले. अशा शोकाकुल माणसाचे लक्ष सुरतेच्या वस्तीबाहेरील एका विशाल वडाने वेधून घेतले.

पार्वतीचे स्थान म्हणून लोक त्या वृक्षास भजत. बुंध्यावर देवीचे मुख म्हणून एक वर्तुळ कोरलेले असे आणि त्याभोवती फुले व विड्याची पाने वाहिलेली असत. ती वरचेवर बदलली जात. उतरलेले निर्माल्य भाविक प्रसाद म्हणून घेत. वडाची स्वतःची फुले फळाच्या पोटात दडलेली असतात. डोळ्यांना दिसणारा बहर त्याला सुरतकरांनीच दिला होता.

देल्ला वाल्लेला ती उपासना भाबडी वाटली. तरी तिचे बारकावे त्याने निष्ठेने टिपले व ते त्याच्या छापील पत्रांतून जगापुढे आले. त्या मोकळ्या जागेला ना तट होता, ना कोणी उमराव धनी. तेथे कोणीही यावे आणि फूल वाहावे. सार्वजनिक उद्यानाची कल्पना रूढ होण्यापूर्वीच सुरतेने ती अशी आचरली होती.