मराठी कैलासयात्रा आणि आयरिश नाटककार

पन्हाळ्यावर मोरोपंतांच्या नावाचे ग्रंथालय आहे. १७२९ साली याच गडावर जन्मलेल्या या कवीने अवघे महाभारत आर्यांमध्ये उतरवले. संस्कृतातून मराठीत येणारी ही वाट आपल्याला ठाऊक असते. आजचा धागा उलट दिशेच्या वाटेचा आहे. ती मराठीतून निघाली आणि डब्लिनच्या ॲबी थिएटरच्या एका संस्थापकाच्या लेखणीपर्यंत पोहोचली.

वर्गात डब्ल्यू. बी. येट्सचे नाव निघाले की टागोर, 'गीतांजली' आणि १९१२ची ती प्रस्तावना एवढ्यावर चर्चा संपते. त्याच येट्सने वीस वर्षांनंतर आणखी एका भारतीयाच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि हे पुस्तक 'गीतांजली'च्या तोडीचे ठरू शकेल, अशी आशा व्यक्त केली. हा लेखक विदर्भातल्या बडनेऱ्याचा. जन्म १८८२, नाव श्री पुरोहित स्वामी.

गुरूंच्या आज्ञेने स्वामी युरोपात गेले. १९३१ मध्ये लंडनला कवी स्टर्ज मूर यांच्यामुळे येट्सशी ओळख झाली. तत्त्वज्ञानावरची प्रवचने युरोपने पुष्कळ ऐकली होती. येट्स आणि त्याच्या मित्रांना हवे होते ते जगलेले आयुष्य. त्यांच्या आग्रहातून 'ॲन इंडियन मंक' हे आत्मचरित्र १९३२ साली प्रसिद्ध झाले. परदेशात, परक्या भाषेत, पन्नाशीच्या उंबरठ्यावर एक संन्यासी लेखनकला शिकत होता, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

खरी मौज पुढच्या पुस्तकात आहे. स्वामींचे गुरू भगवान श्री हंस यांनी मानससरोवर आणि कैलासाच्या यात्रेचा वृत्तान्त मराठीत लिहिला होता. स्वामींनी तो इंग्रजीत आणला, येट्सने प्रस्तावना लिहिली आणि १९३४ साली फेबर अँड फेबरने 'द होली माउंटन' छापले. टी. एस. इलियट तेव्हा याच संस्थेत संपादक होते. त्याच वर्षी येट्सची 'मेरू' ही कविता आली. हिमालयाच्या गुहांत बर्फाखाली बसलेले तपस्वी तिच्यात आहेत. आयरिश कवीच्या या पर्वतामागे एका मराठी यात्रेकरूची पावले आहेत, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असते?

१९३५च्या नोव्हेंबरअखेर सत्तरीतला येट्स आणि स्वामी जहाजाने स्पेनच्या मायोर्का बेटावर गेले. येट्सला संस्कृत येत नव्हते. स्वामी मुळातून अर्थ उलगडत आणि येट्स इंग्रजी वाक्याची लय घडवी. उपनिषदांचे काम असे चालले होते. त्याच मुक्कामात येट्स 'द हर्न्स एग' हे नाटक लिहीत होता. त्यातला राजा काँगल बगळ्याची पवित्र अंडी चोरतो, शाप ओढवून घेतो आणि मेल्यावर गाढवाच्या जन्माला जातो. पुनर्जन्माची कल्पना इथे चक्क विनोदी, काहीशी ओंगळ रूपात येते. उपनिषदे आणि हे नाटक एकाच हिवाळ्यात घडत होती, हे समजल्यावर मला तरी त्यातले गाढव निव्वळ विनोदाचे वाटेनासे झाले. येट्सच्या हयातीत हे नाटक रंगमंचावर आलेच नाही. जानेवारी १९३६ मध्ये तो त्याच बेटावर गंभीर आजारी पडला होता.

एक विसंगती मात्र टोचते. मातृभाषेवाचून लेखनात संगीत आणि जोम येत नाही, असे येट्स भारतीय लेखकांना बजावत असे. ते सांगणारा स्वतः इंग्रजीत लिहिणारा आयरिश होता. गेलिक आपली राष्ट्रभाषा असली तरी मातृभाषा नव्हे, हे त्याने १९३७च्या एका निबंधात मान्य केले आहे. आणि ज्याच्याशी त्याची इतकी मैत्री जमली, त्या मराठी संन्याशाला तर त्याने इंग्रजीतच लिहिते केले. हा दुटप्पीपणा म्हणावा का? मला तसे वाटत नाही. वसाहतीतल्या दोन माणसांना सामाईक अशी तीच एक भाषा होती. पण त्या व्यवहारात मराठी मागे पडली. हंसांचे पुस्तक जगाला माहीत आहे ते इंग्रजी नावानेच.

मे १९३६ मध्ये स्वामी भारतात परतले. पुढच्या वर्षी 'द टेन प्रिन्सिपल उपनिषद्स' प्रकाशित झाले. मुखपृष्ठावर दोन नावे होती, आणि त्यांत पुरोहित स्वामींचे नाव येट्सच्या आधी होते. १९३८ साली त्यांच्या पातंजल योगसूत्रांच्या अनुवादालाही येट्सनेच प्रस्तावना लिहिली. जानेवारी १९३९ मध्ये येट्स फ्रान्समध्ये वारला. स्वामी गेले ते १९४१ साली.