बेने इस्रायली आडनावे

कोकण किनाऱ्यावर शेकडो वर्षे वास्तव्य करून असलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या ग्रामवाचक आडनावांचा समूह. केहीमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर, चेऊलकर, अष्टमकर, पेझारकर, वाक्रूळकर, आवासकर, तळकर, घोसाळकर ही त्यांपैकी काही परिचित नावे होत. अशा आडनावांची संख्या शंभराहून अधिक असून ती जवळजवळ सर्व पूर्वीच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील व त्यालगतच्या जंजिरा संस्थानातील गावांवरून पडलेली आहेत. समाज मुळातच लहान असल्याने प्रत्येक आडनाव धारण करणारी कुटुंबे थोडी, आणि आज त्यांतील बहुसंख्य कुटुंबे भारताबाहेर आहेत. परिणामी एखाद्या खेड्याचे नाव त्या खेड्यात राहणाऱ्यांपेक्षा इस्रायलमधील डिमोना किंवा अ‍ॅशदोद येथील रहिवाशांच्या ओळखपत्रांवर अधिक वेळा लिहिलेले आढळावे, अशी स्थिती निर्माण झाली आहे. ग्रामनामांच्या अभ्यासात या समूहाला महत्त्व आहे ते याच कारणाने.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगाव येथे फुटले. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून पुढील सर्व वंश वाढला. बुडालेल्यांचे दफन नवगावच्या किनाऱ्यालगत झाले, असे सांगतात. तेथील दफनभूमी समाजाला आजही पूज्य आहे. या कथेचा काळ परंपरेने इसवी सनापूर्वीचा मानला असला, तरी समाजाचा लेखी उल्लेख फार पुढचा आहे. १७३८ मध्ये मिशनरी सार्टोरियस यांनी एका पत्रात स्वतःस ‘बेने इस्रायल’ म्हणविणाऱ्या लोकांची नोंद केली. १७६८ मध्ये कोचीनचे यहेज्केल राहबी यांनी अ‍ॅम्स्टरडॅमला पाठविलेल्या पत्रातही त्यांचा निर्देश आहे. मधल्या काळात हे लोक किनाऱ्यावरील खेड्यांत एक-दोन, चार-पाच घरे अशा संख्येने पसरले. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाण्याच्या धंद्याचे स्वरूपच असे, की एका गावाला एक-दोन घाणी पुरतात. वाढत्या कुटुंबातील धाकट्या भावाला पुढचे गाव शोधावे लागते. आडनावांची संख्या इतकी मोठी आणि प्रत्येक आडनावातील घरे इतकी थोडी का, याचे एक कारण या विखुरलेल्या वस्तीत आहे.

मराठीतील ‘-कर’ प्रत्ययाची आडनावे सामान्यतः स्थलांतराची निदर्शक असतात. गावात राहणाऱ्याला त्याच गावाचे नाव लावण्याचे प्रयोजन नसते; तो गाव सोडून दुसरीकडे गेला, म्हणजे लोक त्याला मूळ गावावरून ओळखू लागतात. ‘रोहेकर’ हे नाव रोह्यात निरर्थक आणि पेणमध्ये उपयुक्त ठरते. खेड्यात असताना ‘तेली’ एवढी ओळख पुरत असे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून कुटुंबे मुंबईस जाऊ लागली, गोदीत, बांधकामांवर आणि विशेषतः कंपनीच्या पलटणींत शिरू लागली, तेव्हा गावाचे नाव सांगणे अपरिहार्य झाले. या दृष्टीने ही आडनावे म्हणजे शहराकडे निघण्याच्या क्षणी समाज कोकणात कोठे कोठे राहत होता, याचा एक नकाशाच होय. त्या नकाशातील बहुतेक स्थळे खाड्यांच्या काठची, समुद्रापासून एका दिवसाच्या वाटचालीच्या आतली आहेत. उत्तरेकडे पेणचा परिसर, मध्ये अलिबाग, चौल, रेवदंडा व रोहे, दक्षिणेस मुरूड, तळे, घोसाळे असा त्याचा विस्तार असून सह्याद्री ओलांडून घाटावर तो सहसा जात नाही. पुढे ज्या शहरांत समाज मोठ्या संख्येने राहिला, त्या मुंबई, पुणे, कराची, अहमदाबाद यांच्या नावांवरून मात्र फारशी आडनावे पडली नाहीत. तोवर आडनाव ही बदलती ओळख राहिली नव्हती. ती सरकारी दप्तरात स्थिर झाली होती.

समाजातील सर्वांत प्रसिद्ध आडनावांपैकी दिवेकर हे एक. कंपनीच्या फौजेतील देशी अधिकारी शमुवेल यहेज्केल दिवेकर हे दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटका झाल्यास प्रार्थनामंदिर बांधीन, असा नवस त्यांनी केला होता, असे परंपरा सांगते. त्यांनी १७९६ मध्ये उभारलेले ‘शाआर हारहमीम’ हे मुंबईतील पहिले सिनॅगॉग होय. समाजात त्यांचे नाव समाजी हसाजी असे होते. शमुवेलचे समाजी, यहेज्केलचे हसाजी, अब्राहमचे अबाजी, मोशेचे मुसाजी ही रूपे पाहिली, की बायबलमधील नावांना मराठी वळण किती सहजपणे मिळाले होते, हे ध्यानी येते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशन व जॉन विल्सन यांच्या शाळांतून समाजाला हिब्रूचे शिक्षण मिळू लागले. विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरणही लिहिले. त्यानंतर समाजी पुन्हा शमुवेल आणि मग सॅम्युएल झाले. व्यक्तिनामे अशी दोनदा पालटली, आडनावे मात्र एकदाही पालटली नाहीत. समाजाच्या नावातील अस्सल कोकणी भाग तेवढा शिल्लक राहिला.

या आडनावांचा धार्मिक अधिकाराशी संबंध क्वचितच येतो. अन्य देशांतील ज्यूंमध्ये कोहेन व लेवी ही पुरोहितवंशीय आडनावे अत्यंत प्रचलित आहेत. बेने इस्रायलांत पुरोहित व लेवी असे वंशपरंपरागत वर्ग नव्हते, म्हणून ती आडनावेही त्यांच्या परंपरेत नाहीत. समाजाला धर्मविधींची पुन्हा ओळख करून देणाऱ्या दावीद राहबी याने तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून काजी नेमले, अशी आख्यायिका आहे. ती घराणी म्हणजे झिराडकर, राजपूरकर व शापूरकर. काजींनी गावोगाव फिरून विवाह, सुंता आदी विधी करावेत व तंटे सोडवावेत, अशी व्यवस्था होती. हा अपवाद वगळता आडनाव प्रतिष्ठेचे अथवा वंशाचे चिन्ह नव्हते. एका गावातून निघालेल्या, परस्परांशी नाते नसलेल्या दोन कुटुंबांना एकच आडनाव मिळू शकते आणि दोन सख्खे भाऊ दोन गावांत गेल्यास त्यांच्या वंशजांची आडनावे भिन्न होऊ शकतात. सोयरीक जुळविताना हिंदू जातींत गोत्र किंवा देवक जे काम करते, ते येथे आडनाव करीत नाही. शिवाय यांतील अनेक आडनावे एकट्या या समाजाची नाहीत. दिवेकर व दांडेकर ही आडनावे चित्तपावन ब्राह्मणांतही आहेत. पेणकर, रोहेकर, घोसाळकर ही इतर कोकणी समाजांतही आढळतात. गाव सर्वांचे असल्याने हे स्वाभाविकच आहे. म्हणून केवळ आडनावांच्या याद्यांवरून या समाजाची गणना करू पाहणाऱ्याची फसगत होते. व्यक्तीचे व वडिलांचे नाव पाहिल्यावाचून निर्णय करता येत नाही.

समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहीमकर हे याच आडनावांच्या परंपरेतील. १८७५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या इस्रायली शाळेच्या कार्यातही त्यांचा पुढाकार होता. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला, तो प्रसिद्ध झाला १९३७ मध्ये, तेल अवीव्ह येथे. त्यांच्या आडनावात गावाचे ‘केहीम’ हे रूप दिसते. नकाशावर आज ते किहीम आहे. चेऊलकर या आडनावाचेही तसेच. जुन्या मराठी कागदपत्रांतील ‘चेऊल’ हे रूप आडनावाने जपले, गाव मात्र चौल झाले. अष्टमीचे अष्टमकर, पेझारीचे पेझारकर, घोसाळ्याचे घोसाळकर होताना अंत्य स्वर लोपतो, तर रोहेकर व दिवेकर यांत एकार कायम राहतो. भाषेच्या अभ्यासकाला या लहानशा समूहात कोकणातील ग्रामनामांच्या उच्चारांचे चांगले नमुने मिळतात.

इंग्रजी शिक्षणाबरोबर आडनाव मागे पडण्याचा एक काळ आला. मुंबईतील अनेक सुशिक्षितांनी पाश्चात्त्य पद्धतीने वडिलांचे किंवा आजोबांचे नाव आडनावाच्या जागी घेतले आणि गावाचे नाव गाळले. इंग्रजी कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांच्या घराण्याचे आडनाव तळकर होते. हिंदी चित्रपटांतील नट डेव्हिड (१९०९–८२) यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. अहमदाबादच्या कांकरिया येथील प्राणिसंग्रहालयाचे संस्थापक रूबेन डेव्हिड हे दांडेकर होत. १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर घराण्यातील. महालक्ष्मीजवळचा रस्ता मात्र डॉ. ई. मोझेस मार्ग म्हणूनच ओळखला जातो. मांडवीतील सॅम्युएल स्ट्रीट हे नावही शमुवेल दिवेकरांचे असून तेथेही दिवेकर गळाले आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड (१८९०–१९८४, पद्मश्री, १९६६) यांच्या घराण्याने वेगळी वाट स्वीकारली. त्यांनी प्रत्यय टाकला आणि गाव ठेवले.

समाजाच्या कोकणाबाहेरील प्रसाराच्या खुणा या आडनावांवरून शोधता येतात. सैन्य, रेल्वे, टपाल व नगरपालिका यांतील नोकऱ्यांमुळे कुटुंबे पुणे, अहमदाबाद, कराची आणि एडनपर्यंत गेली. कराचीतील ‘मागेन शालोम’ हे सिनॅगॉग (१८९३) तेथील नगरपालिकेचे सर्व्हेअर सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी उभारले. १९८८ मध्ये ते पाडण्यात आले. सर्वांत दूरचा प्रवास बहुधा एरुळकर या आडनावाचा. महात्मा गांधींचे एक चिकित्सक डॉ. अब्राहम सॉलोमन एरुळकर यांची कन्या लीला या सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष (१९९३–२००३) ग्लाफकोस क्लेरिडीस यांच्या पत्नी होत. खुद्द कोकणात अलिबाग (१८४८) व पनवेल (१८४९) येथील सिनॅगॉग उभी आहेत आणि अलिबागेत इस्रायल आळीही आहे, पण आळीतील घरे मोजकी उरली आहेत.

भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास समाजाची संख्या सुमारे २०,००० होती. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाल्यावर पुढील दोन-तीन दशकांत बहुसंख्य लोक तिकडे गेले. डिमोना, बीरशेबा, अ‍ॅशदोद, लोद, रामला, किर्यात गात ही त्यांच्या वस्तीची प्रमुख शहरे. त्यांतील अनेक नवी वसविलेली किंवा नवागतांना मुद्दाम दिलेली. जे कोकणात वेगवेगळ्या खेड्यांत राहत होते, ते नवगावकर, पेणकर आणि वाक्रूळकर तेथे एकाच इमारतीत शेजारी झाले. त्यांच्यासाठी ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघाले.

याच देशात आडनावांच्या मर्यादा कठोरपणे उघड झाल्या. १९६१ ते १९६४ या काळात बेने इस्रायलांच्या अन्य ज्यूंशी होणाऱ्या विवाहांविषयी तेथील प्रमुख धर्मपीठाने शंका उपस्थित केली आणि विवाहेच्छूंच्या मातृवंशाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असे निर्देश १९६२ मध्ये काढले. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून मोजतात. बेने इस्रायलांचे आडनाव बापाकडून येते आणि मराठी रीतीप्रमाणे लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते. त्यामुळे आजीचे व पणजीचे गाव नावातून पुसले गेलेले असते. पिढ्यान्‌पिढ्या आपण कोठले, हे निश्चित सांगणारे नाव आपण कोण, या प्रश्नापुढे निरुपयोगी ठरले. समाजाने निदर्शने केली, जेरूसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेच्या विशेष बैठकीत बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर झाले आणि निर्देशांतून समाजाचे नाव वगळण्यात आले. अपमानाची ती आठवण मात्र त्या पिढीने विसरली नाही. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात या समाजात मध्यपूर्वेतील ज्यू व भारतीय अशा दोन्ही वंशांचा मोठा वाटा असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला. एव्हाना भारतातील सर्व ज्यूंची संख्या काही हजारांवर आली होती.

इस्रायलमध्ये काहींनी हिब्रू आडनावे घेतली. अनेकांनी जुनी कायम ठेवली. हिब्रू लिपीत ऱ्हस्व स्वर सामान्यतः लिहीत नाहीत आणि ण व ळ यांसाठी अक्षरे नाहीत. त्यामुळे पेणकर तेथे ‘पेनकर’ व घोसाळकर ‘घोसालकर’ होतो आणि मधले स्वर ज्याला ठाऊक असतील त्यालाच नाव अचूक वाचता येते. कोकणात जन्मलेली पिढी ते उच्चार जाणत होती. तिच्या नातवंडांना ती नावे लिपीवरून वाचावी लागतात; पेण किंवा घोसाळे त्यांतील अनेकांनी पाहिलेलेही नसते.