रंगाचे थर आणि इतिहासाचे थर

जीर्णोद्धार या एका शब्दांत दोन परस्परविरुद्ध क्रिया एकत्र नांदतात. जें जीर्ण झालें त्यास वर काढावयाचें, हा त्याचा अर्थ; आणि त्या उद्योगांत त्याच्या वयाची प्रत्येक खूण पुसून टाकावयाची, हा त्याचा बहुधा घडून येणारा परिणाम. देवालयांच्या बाबतींत हा अनुभव आपणांपैकीं पुष्कळांस आहे. तैलरंगाच्या जाड लेपाखालीं गडप झालेले दगडी खांब पाहून हळहळणारीं माणसें गांवोगांव आढळतात. परंतु हाच प्रश्न घराच्या पडवींत उभ्या असलेल्या जुन्या मोटारसायकलीविषयींही उपस्थित होतो असें आम्हीं म्हटलें, तर कित्येक वाचक हंसतील. त्यांनीं हंसण्यापूर्वीं आमचें म्हणणें ऐकून घ्यावें, एवढीच विनंति आहे.

मोटारसायकल आपल्याकडे प्रथम परदेशांतून आली. ती येथें तयार होऊं लागली ती स्वातंत्र्यानंतर. परकीय चलन जपून वापरणें भाग असल्यामुळें, नुसते सुटे भाग आणून जोडणाऱ्यांपेक्षां येथें प्रत्यक्ष उत्पादन करणाऱ्यांस उत्तेजन द्यावें, असें धोरण १९५३ च्या सुमारास ठरत गेलें. त्या वेळीं केंद्राचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख हे होते, व त्यांच्या बालपणाचा कांहीं काळ रोह्यांत गेलेला होता, हें येथें सहज आठवतें. १९५५ सालीं इंग्लंडांतील रेडिच येथील कंपनीच्या सहकार्यानें मद्रासेस एनफील्डचा कारखाना उभा राहिला. पुढें १९६१ मध्यें म्हैसूर येथें जावा गाड्या होऊं लागल्या. जावा हें नांव चेकोस्लोव्हाकियांतील यानेचेक या कारखानदाराच्या व वांडरर या जर्मन कंपनीच्या नांवांच्या आद्याक्षरांवरून १९२९ सालीं पडलेलें. म्हैसूरच्या त्याच कारखान्यांतून पुढें येझदी निघाली, आणि १९९६ सालीं तो कारखाना बंद पडला.

कुलाबा जिल्ह्यास (१९८१ पासून जो रायगड म्हणून ओळखला जातो) या वाहनाचें महत्त्व विशेष होतें. आपट्यापासून रोह्यापर्यंत लोहमार्ग १९८६ मध्यें पोंचला. तोंपर्यंत पेण, नागोठणें, रोहें या पट्ट्यांतील माणसांस मोटाररस्ता किंवा खाडी यांवांचून दुसरी वाट नव्हती. ज्यास वेळींअवेळीं आडगांवीं जावें लागे, त्यास घरची मोटारसायकल म्हणजे मोठाच आधार. त्या गाड्यांपैकीं कांहीं अद्याप टिकून आहेत; परंतु पेणचा खारेपाट, खाडीवरचा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांपुढें लोखंडाचा टिकाव किती लागणार? मडगार्डाच्या कडा आणि टाकीचा तळ हीं पहिलीं बळी पडतात. तेव्हां घरच्या घरीं गाडी खोलून ती पुन्हा रंगविण्याचा जो छंद अलीकडे दिसूं लागला आहे, तो स्वागतार्हच मानला पाहिजे.

काम मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. भाग सुटे करून प्रत्येकास चिठ्ठी बांधावयाची. तारेच्या ब्रशानें गंज काढावयाचा. मग अस्तर, खड्डे बुजविण्यास लांबी, पाणकागदाची घासणी, आणि शेवटीं रंगाचे पातळ हात. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तो कोरडा घासूं नये; पाणी लावून, तोंडास पट्टी बांधूनच घासावा. अमेरिकेंत १९२३-२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचे रंग मोटारींस लागूं लागले, व आठवड्यांचें काम दिवसांवर आलें. मात्र हे रंग दमट हवेंत लावले तर पांढरट पडतात. थिनर झपाट्यानें उडून जातांना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेंतील बाष्प जमतें, आणि रंगाचें तेज जातें. म्हणून कोंकणांत हें काम कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत उरकावें. ज्या पेणेंत आषाढ-श्रावणांत मूर्तींच्या रंगकामास उसंत नसते, तेथेंच मोटारसायकलीच्या रंगास मात्र कोरड्या ऋतूची वाट पाहावी लागते, ही गंमतच म्हणावयाची.

गेल्या कार्तिकांत पेण येथील आमच्या एका स्नेह्यांनीं आपल्या वडिलांची १९६६ सालची जावा बाहेर काढली. वडील रोह्यास नोकरीस होते व तीवरून जात-येत असत. त्यांच्या मागें गाडी दहा वर्षें पडवींत उभी होती. आम्हीं दोघांनीं टाकी घासावयास घेतली. वरचा काळा थर गेला, तों खालीं निळा लागला. तो फवारलेला नव्हता. ब्रशाचे फटकारे स्पष्ट दिसत होते. त्याच्याही खालीं कारखान्याचा गडद तांबडा रंग आणि त्यावर सोनेरी रेघेचा एक तुकडा शिल्लक होता. आम्हीं तत्काळ निर्णय देऊन टाकला: तांबडा तोच खरा, बाकीचे दोन्ही थर म्हणजे नंतरची भेसळ, ते समूळ काढावे. इतक्यांत स्नेह्यांच्या मातोश्री ओटीवर आल्या. निळा रंग पाहून त्या म्हणाल्या, "हा खिडक्यांचा रंग. घर बांधलं त्या वर्षीं उरला होता, तो ह्यांनीं गाडीला लावला. तांबडा कारखान्याचा असेल बाबा, पण हा ह्यांच्या हातचा आहे."

त्या बोलण्यानें आम्हीं निरुत्तर झालों. गाडी कोणत्या वर्षाची करावयाची, हा प्रश्न आम्हीं स्वतःस विचारलाच नव्हता. कारखान्यांतून बाहेर पडली तो दिवस खरा, आणि त्यानंतर रस्त्यावर व घरांत गेलेलीं पन्नास वर्षें खोटीं, असें इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यानें म्हणावें काय? पोथीच्या समासांत मागाहून लिहिलेल्या टीपा आपण खोडून टाकीत नाहीं. उलट, ती पोथी कोणी व केव्हां वाचली हें त्यांवरूनच समजतें. यावर असा आक्षेप येईल कीं, गंजलेली गाडी तशीच ठेवल्यास ती उद्यां नाहींशी होईल, मग इतिहास कोणाचा वाचावयाचा? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गंज गेलाच पाहिजे. परंतु पुसण्यापूर्वीं वाचावें, इतकेंच आमचें मागणें आहे.

कायद्याकडून या बाबतींत निर्णय मिळत नाहीं. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी दिली. नव्या नोंदणीस २०,००० व पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क ठेवलें. चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. 'एमएच ०६' हा क्रमांक देणारें परिवहन कार्यालय पेणलाच असल्यामुळें तेथील मालकांस लांब जावयास नको. पण रंगाच्या तीन थरांपैकीं खरा कोणता, हें ठरविणें ज्याचें त्याच्याकडेच राहतें.

स्नेह्यांनीं मध्यम मार्ग काढला. गाडी तांबडी झाली. सोनेरी रेघेसाठीं मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणारा एक कारागीर बोलाविला. त्यानें दोन क्षण टाकीच्या वळणाकडे पाहिलें व एका दमांत रेघ ओढली. "डोळा असो नाहींतर टाकी, हात मध्यें थांबला कीं बिघडलं," एवढेंच तो बोलला. चेन्नईच्या कारखान्यांतही टाकीवरील रेघा कुशल कारागिरांनीं हातानेंच ओढण्याची प्रथा पुष्कळ वर्षें चालत आलेली आहे, हें त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. हत्यारांच्या पेटीचें झांकण मात्र घासलें नाहीं. तें निळेंच ठेवलें आहे, ब्रशाच्या फटकाऱ्यांसह.

त्या झांकणाच्या आंत एक कागद घडी करून ठेविला आहे. कोणता थर कोणाच्या वर होता, निळा कोणी व कशासाठीं लावला, गंज कोठें किती होता आणि काम कोणत्या महिन्यांत झालें, एवढेंच त्यावर लिहिलें आहे. त्यास अर्धा तासही लागला नाहीं. पेण-रोह्याच्या दहावीस घरांतून अशीं टिपणें झालीं, तर या रस्त्यांवरून माणसें कशीं वावरलीं हें सांगणारें साधन पुढील अभ्यासकाच्या हातीं येईल. ज्यांच्या पडवींत अशी गाडी असेल, त्यांनीं पाणकागद हातीं घेण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्या माणसांस एकदां ओटीवर बोलवावें.